ताणावरची बाग आणि वच्छलाबाईंचा संशय

श्रद्धेच्या पंक्तीत संशयाला पाट मिळत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि आत जेवणारे त्याच्याकडे पाठ करून बसतात. तथापि आपल्या हातच्या जिवंत वस्तूची ज्याला काळजी आहे, त्याचा संशय हा स्नेहाचाच एक अवघड प्रकार असतो. नरखेड तालुक्यातील वच्छलाबाईंचा स्नेह बव्हंशी याच रूपाने प्रकट होई. हवामानाचा अंदाज असो की कळमन्याच्या बाजारातील अडत्याची शपथ, त्यांचा विश्वास सहजी बसत नसे.

त्यांच्या संत्राबागेत भाचा अश्विन याने दोन सेन्सर पुरले, तेव्हा पौष चालू होता. मातीतली अन्नद्रव्ये मोजून मोबाईलवर कळवणारी ही स्वस्त उपकरणे नागपूरच्या एका लहान कंपनीसाठी तो गावोगाव लावीत असे. बाग ताणावर होती. माघात फुलणारा आंबिया बहर यावा म्हणून झाडांचे पाणी मुद्दाम तोडले होते. अशा वेळी पाणी आणि युरिया मिळाला, तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते आणि वर्षाचे फळ जाते.

आठवडाभरात संदेश आला: नत्र फार कमी, युरिया द्यावा.

"कोन्या दुकानातून घ्यायचा, ते नाही सांगत का तुहं मशीन?" वच्छलाबाईंनी विचारले.

"मामी, मशीन काहून खोटं बोलन?"

"मशीन नाही बोलत गा. त्याले कोणीतरी बोलायले लावते. दुकानदार तुह्या हातावर काय ठेवून राहिला?"

अश्विन दुखावला. पण काटा वच्छलाबाईंच्याही मनात होता. पाने पिवळट दिसत होतीच. झाडे खरोखर उपाशी असली, तर आलेली फुलेही गळणार.

सकाळी त्यांनी एक सेन्सर उपटवला आणि विहिरीजवळ, गव्हाला पाणी देणाऱ्या पंपाखाली, सदा ओल्या असणाऱ्या मुरमात रोववला. त्या मुरमात जन्मात कोणी मूठभर खत टाकले नव्हते. मोबाईलवर उमटले: नत्र भरपूर.

"सापडला चोर," त्या म्हणाल्या.

अश्विनने ओला मुरूम चिमटीत धरून चुरून पाहिला. "चोर नाही, मामी. मातीतून वीज किती वाहते, त्याच्यावरून हे नत्राचा अंदाज बांधते. कोरड्या मातीत वीज वाहतच नाही. बाग ताणावर हाय, हे म्या ध्यानातच नाही घेतलं."

"म्हंजे लुच्चा नाही, अडाणी हाय."

"मशीन अन् मी, दोघंही अडाणी."

त्या दिवशी त्यांनी भाच्याला दोनदा चहा पाजला. क्षमायाचनेचा त्यांच्याकडे तेवढाच विधी होता. युरिया पडला नाही. ताण तोडून पाणी सुरू केले आणि माघात बाग फुलांनी पांढरी झाली. उपटलेला सेन्सरही परत बागेत आला, आणि दोन्ही सेन्सरांचे म्हणणे वच्छलाबाई मातीचा नमुना प्रयोगशाळेत धाडून पडताळीत राहिल्या.

गेल्या वर्षी त्या वारल्या. अश्विनच्या कंपनीचा सेन्सर आता कोरड्या जमिनीत आकडा दाखवत नाही. 'माती कोरडी आहे, सांगता येत नाही,' एवढेच कळवतो.