काचेचं रबर मी बदललंय

ह्यांच्या गाडीचा फोटो तू इथे ग्रुपवर विकायला टाकलास मंदार, आणि तो मला शेजारच्या बाईंनी दाखवला. आईला आधी विचारलं असतंस तर जीभ झिजली असती का?... असो. नमस्कार सगळ्यांना.

मंदार माझा मुलगा. राहतो पुण्यातच, खराडीला, पण आम्हा कर्वेनगरवाल्यांना ते परदेशच. वडील गेल्यापासून त्याचं एकच... "आई, पुढच्या काचेतून पाणी गळतं, सीट कुजतेय, गाडी देऊन टाकू."

काचेभोवतीचं रबर तडकलं होतं म्हणून पाणी गळायचं. एवढ्यासाठी गाडी काढून टाकायची, तर माझे गुडघेही कुरकुरतात. माझाही फोटो टाका.

परवा नाना पेठेत गाड्यांच्या पार्टच्या दुकानात जाऊन रबर मागितलं. दुकानदार म्हणाला, "आजी, हे मेकॅनिकचं काम आहे." म्हटलं, "तुमचं काम विकायचं, तेवढं करा."

काल सकाळी पार्किंगमध्ये लागले कामाला. जुनं रबर ओढलं तर बिस्किटासारखं तुटत आलं. खाचेतली माती टूथब्रशने काढली, साबणाचं पाणी लावलं आणि उलथन्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून नवीन रबर दाबत गेले.

पहिल्यांदा ताणून बसवलं, तर चहा पिऊन येईपर्यंत ते आखडून कोपऱ्यातून वर आलं. मग सगळं काढून परत, न ताणता... बसलं एकदाचं. आता पाणी ओतून बघायचं राहिलं.

हे काम दोघांचं. दरवर्षी पावसाळ्याआधी हे बाहेरून मगाने पाणी ओतायचे आणि मी आत बसून गळतंय का ते सांगायचे. मी ओरडले, "डावीकडे आलं!" की हे विचारणार, "तुझ्या डावीकडे की माझ्या?" त्यावरून भांडण... अख्खी सोसायटी गॅलरीत.

काल मी बादली भरून ठेवली आणि सवयीने आत जाऊन माझ्या जागेवर बसले. काचेकडे बघत म्हटलं, "हं, ओता."

कोणी ओतलं नाही.

हे गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, मला काही कळलंच नाही... काल कळलं.

मग उतरले. पाणी ओतलं, त्यात पदर भिजला, आणि लगबगीने दार उघडून आत वाकून बघितलं. सीट ओली होती, पण काचेतून गळालं की माझ्याच पदरातून, ते कसं कळणार? बाहेरचं माणूस आणि आतलं माणूस एकच असलं की काही कळत नाही.

तेव्हा गाडी विकायची की नाही ते नंतर बघू. आधी रविवारी येऊन आत बसायचं, पाणी मी ओतते. येतोस की नाही ते मंदार, तूच सांगायचं, सूनबाईच्या फोनवरून नाही. आणि बाकीच्यांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकून गर्दी करू नये.