मेणातलं हसू

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक खोली आहे. तिथे एक माणूस दिवसभर दुसऱ्यांसाठी हसू तयार करत बसतो. तो कवळ्या बनवतो. चर्चच्या गायकवृंदात आम्ही दोघं शेजारी उभे राहून खालच्या पट्टीत गातो. सगळे त्याला बत्तीशी म्हणतात. मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे, त्यामुळे उपासनेनंतर दारात उभं राहिलं की आपल्याच मालाचं प्रदर्शन भरलंय असं त्याला वाटत असणार. त्याचं स्वतःचं हसू मात्र बंद होतं.

झालं असं, की त्याची बायको गायकवृंदाच्या मास्तरांबरोबर निघून गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एका रविवारी दोघंही आली नाहीत, एवढंच. आमचा वरच्या पट्टीतला चांगला आवाज गेला आणि ताल दाखवणारा माणूसही गेला. त्या दिवशी आम्ही जे काही गायलो त्याबद्दल देवाने आम्हाला क्षमा केली असेल, पाळकांनी अजून केलेली नाही. बत्तीशी मात्र त्याही रविवारी माझ्या शेजारी उभा राहून सगळी कडवी गायला. मी मनात म्हटलं, काय खंबीर माणूस आहे. मला अक्कल कमी आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे.

तो खंबीर नव्हता, बधिर होता. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी कप संपवायचा. मेण वितळवायच्या दिव्यावर बोट भाजलं तर ते त्याला वासावरून कळायचं. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला जमतो. पाळक एकेकाला विचारतात, तुमच्यासाठी काय मागू? कुणाचा गुडघा असतो, कुणाची परीक्षा, कुणाची सून. बत्तीशीची पाळी आली की तो म्हणायचा, "माझं काही नाही." पाळक पुढे सरकायचे.

मग एकदा माझी दाढ काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "तोंड बधिर आहे तोवर काही खाऊ नका. स्वतःचाच गाल चावाल आणि कळणारही नाही." मी कापूस दाबून मागच्या खोलीत बत्तीशीजवळ जाऊन बसलो. तेवढ्यात त्याची मुलगी आली. कामाला लागल्यापासून ती वेगळी राहते.

"पप्पा, लग्नाची तारीख ठरली. चर्चमध्ये हात धरून तुम्ही मला पुढे न्यायचं."

"नेतो की."

"आई येणार आहे. मीच बोलावलंय."

"येऊ दे. बाकं पुष्कळ आहेत."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

"मग? खुर्ची लागेल का तिला?"

"पप्पा, ती गेली तेव्हा माझीसुद्धा आई गेली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी रडायला लागले की तुम्ही उठून पंखा लावायचात." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "असं लाकडासारखं यायचं असेल तर येऊ नका. मी या काकांचा हात धरून जाईन."

हे काका म्हणजे मी. "अगं, असं नको," असं मला म्हणायचं होतं. कापसातून नुसतं "अं, अं" निघालं आणि तिने तो होकार धरला. ती गेली.

"थोडी रागावलेली दिसते," बत्तीशी म्हणाला आणि त्याने पुढचा दात उचलला.

घरी जाऊन मी नेमकं बिस्किट खाल्लं आणि गाल चावला. कळलं ते बधिरपणा उतरल्यावर.

काही दिवसांनी मी संडे स्कूलच्या बाईंना त्याच खोलीत घेऊन गेलो. या बाईंनी मला, बत्तीशीला आणि त्याच्या बायकोलाही लहानपणी शिकवलं होतं. आता त्यांचे सगळे दात पडले होते, जीभ तेवढी पूर्ण शाबूत होती. पक्की कवळी करण्याआधी दात गुलाबी मेणात बसवून तोंडात घालून बघतात, म्हणजे काही बदलायचं असलं तर मेण ऊन करून बदलता येतं. बाईंनी ती मेणाची कवळी घातली, आरसा धरला आणि हसून पाहिलं.

मी बघतच राहिलो. पुढच्या दोन दातांमध्ये बारीक फट, आणि बाजूचा दात कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा कललेला. बाईंच्या सुरकुतलेल्या तोंडात ते भलतंच तरुण दिसत होतं.

"अरे, हे माझं नाही," बाई म्हणाल्या.

"कुठे टोचतंय?"

"टोचत नाहीये. हे तुझ्या बायकोचं हसू आहे. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून बघत आलेय मी."

बत्तीशी जवळ आला. वाकून बाईंच्या तोंडात बघत राहिला. "हो," तो म्हणाला. "चुकून झालं. कसे लावले आठवत नाही. हात करत होते."

"हातांना तिची आठवण येते, मग तुला यायला काय झालं?"

"मला काही वाटत नाही, बाई. खरंच. गातो, प्रार्थनेला बसतो. भिंतीशी बोलल्यासारखं असतं."

बाईंनी कवळी काढून टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने शाळा घेतली. "वधस्तंभावर खिळताना प्रभूला गुंगी यावी म्हणून द्राक्षारस देत होते. त्याने घेतला का?"

"नाही, बाई," आम्ही दोघं टकले एका सुरात म्हणालो. गायकवृंदात कधी इतकं जमलं नव्हतं.

"का नाही घेतला?"

मी छताकडे बघितलं. तेव्हाही हेच करायचो.

"नक्की मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण मला वाटतं, दुखण्यात कुणी एकटं पडू नये म्हणून. जिथे तुला दुखतंय तिथे तो आधीच जाऊन बसलाय. तू तिकडे फिरकतच नाहीस, मग भेट कशी व्हायची?"

बत्तीशीने कवळी उचलून फडक्यात गुंडाळायला घेतली.

"हे दात काढ. मला माझं हसू दे."

"ठेवून जा, उद्या करतो."

"आत्ता. आम्ही दोघं इथे आहोत तोवर."

त्याने दिवा लावला, सुरी तापवली आणि एकेक दात मेणातून सोडवायला लागला. कललेल्या दातापाशी हात थांबला.

"हा चहा पिताना कपाला लागायचा," तो म्हणाला. "टक् असा आवाज यायचा."

मग त्याने डोळे मिटले. "प्रभू," एवढंच म्हणाला, आणि पुढचं येईना. बाई थांबल्या. मीही थांबलो, आणि मी गप्प बसणं ही सोपी गोष्ट नव्हे.

"मला तिचा राग येतो," तो म्हणाला.

"आमेन," बाई म्हणाल्या.

"मला घरी जावंसं वाटत नाही."

"आमेन."

त्याने दात उपटला आणि त्या नादात बोट ज्योतीवर गेलं. "आई गं," म्हणून त्याने ते तोंडात घातलं आणि आमच्याकडे नवलाने पाहिलं. "भाजलं," तो म्हणाला.

लगेच काही चमत्कार झाला नाही. डोळे कोरडेच होते. इंजेक्शन उतरताना आधी ओठाला मुंग्या येतात, मग जिभेला, आणि खरं दुखणं सगळ्यात शेवटी येतं.

पुढच्या बुधवारी प्रार्थनेला त्याची मुलगी मागच्या बाकावर बसली होती. पाळक सवयीने बत्तीशीला वगळून शेजारच्या गुडघ्याकडे वळले होते.

"माझं आहे," बत्तीशी म्हणाला.

पाळक दचकून मागे फिरले.

"मुलीच्या लग्नाला तिची आई येणार आहे. मला तिला क्षमा करायची आहे आणि अजून जमत नाही. तोंडदेखली करायची नाही." तो थांबला. "आणि मुलगी रडायची तेव्हा मी पंखा लावायचो. मला तिच्याजवळ बसता आलं नाही. त्यासाठीही मागा."

पाळकांनी मागितलं. एरवी लांबण लावणारा माणूस, त्या दिवशी चार वाक्यांत आटोपला. मी डोळे मिटायला विसरलो होतो, म्हणून सांगतो, बत्तीशीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही.

सगळे उठल्यावर मुलगी पुढे आली.

"लग्नात असंच झालं तर चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल."

"सगळ्यांसमोर?"

"पप्पा, या काकांपेक्षा बरं. ते तालात चालतील असं मला वाटत नाही."

बाईंनी नवे, सरळ, स्वतःचे दात दाखवून मला हसून घेतलं. बत्तीशीच्या ओठाची एक कड हलली. एकच कड. दुसरी बाजू अजून बधिर असावी. मुलीने त्याचा हात धरला, आणि दोघं बाकांमधल्या वाटेने दाराकडे सावकाश चालत गेली. तालीम म्हणून.