साडभाऊंची रवी

आमच्या मोठ्या साडभाऊंएवढा ट्रान्सफॉर्मरवर जीव लावणारा माणूस नागपुरात दुसरा झाला नाही. कळमेश्वरच्या कारखान्यात ते कॉइल गुंडाळत. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, ताक करायला बसल्या की रवी गायब! साडभाऊ ती कारखान्यात नेत, तिचं एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटत. "फ्लक्स गुणगुणून राहिला," म्हणत. फ्लक्स म्हणजे लोखंडातली चुंबकशक्ती, आणि नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी सवत म्हणजेही तीच!

लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याच्या हातातला गंज, म्हणजे वरणाचं पातेलं, अडवत. "पाहा, लोक कितीही जेवोत, जेवढं वरण वाढलं तेवढं आतून येते. गंज भरलेलाच! लोड वाढला की आत येणारा करंट वाढते, फ्लक्स मात्र जवळपास तेवढाच." तोवर पंगत कोरडा भात चिवडत बसे.

एका उन्हाळ्यात त्यांनी दुरुस्त केलेला ट्रान्सफॉर्मर नरखेडकडच्या एका गावात बसला आणि गाव बिथरलं. सगळे पंप बंद, तरी हा गुणगुणतो! "काम नसताना एवढा ओरडते, सारे पंप लावले तं फुटनच. घेऊन जा गा!" संत्र्याच्या बागा सुकत होत्या, पण कोणी बटण दाबेना. इकडे साहेबांनी बजावलेलं, माल परत आला तर कॉइलचं टेबल सुटलं, उद्यापासून गोदाम. साडभाऊंचा चेहरा एवढासा झाला. मी हौसेनं सोबत गेलो होतो, मलाच पाहवेना.

मग त्यांनी पिशवीतून रवी काढली आणि सर्वांत जास्त भांडणाऱ्या बागवाल्या काकूंच्या हाती दिली. "काकू, खांबाले टेकवा, कानाले लावा." दुपट्टा हलवून साडभाऊंनी एक पंप लावायला सांगितला. मग चार. मग सगळे. काकू डोळे मिटून उभ्या, आणि अख्खं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत.

"काहून घाबरलो गा आपण? हे तं तसंच गुणगुणून राहिलं!"

पाटात पाणी खळाळलं. साडभाऊ भर उन्हात नाचले, "पंगत बसली, गंज भरलेला!" टेबल वाचलं. रवी त्यांनी काकूंनाच देऊन टाकली. "ऐकत जा," म्हणाले.

साडभाऊ गेले तेव्हा तेराव्याला काकू एसटीनं आल्या. रवी ताईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "अजून तसंच गुणगुणते वं."

ताईंनी ती हळूच कानाला लावली. मला काही तिथं थांबवेना.