पायरी कोरडी हाय

दिग्गीच्या अलीकडे रानात दहा-बारा घरांची एक वाडी आहे. बस कुंभारवाड्याच्या पुढे येत नाही, म्हणून वाडीचं सगळं जाणं-येणं परशूच्या पिकपमधून. भाताची पोती, पत्रे, कोंबड्या, वऱ्हाड, बाळंतीण, सगळं त्याच हौद्यातून जायचं. जोयड्याच्या दवाखान्यात कोणी गेलं, तर त्याला घरी आणायलाही तीच गाडी.

परशू पन्नाशी ओलांडलेला, अंगाने बारका आणि बोलायला कमी. त्याचं बोलण्याचं काम रुक्मा करायची. ती त्याची बायको. एकुलती मुलगी रक्षा खानापूरकडे दिल्यापासून रुक्मा घरात एकटी बसत नसे. गाडी निघाली की ही डाव्या दारातून चढून बसलीच. तिला दमा होता, घरातला चुलीचा धूर सोसायचा नाही. लोक म्हणायचे, परशूमामाच्या गाडीला दोन ड्रायव्हर.

खरं म्हणजे पावसाळ्यात ते खोटंही नव्हतं. वाडी आणि कुंभारवाडा यांच्यामध्ये एक वहाळ आडवा येतो. त्यावर पूल नाही, नुसती दगडी फरशी आहे आणि पावसाळ्यात पाणी तिच्यावरून वाहतं. परशूची तिथे एक रीत होती. पुढची चाकं पाण्यात घालायची आणि थांबायचं. रुक्मा डावं दार उघडून, एका हाताने वरची दांडी धरून खाली वाकायची आणि दाराखालची पायरी बघायची. जाताना पाणी त्याच अंगाने येतं, म्हणून तिकडचीच पायरी बघायची. "कोरडी हाय," ती म्हणाली की परशू गाडी घालायचा. "भिजली," म्हणाली की मागे घ्यायचा, मग आत कोणीही बसलेलं असो. इतक्या वर्षांत ही रीत एकदाही चुकली नव्हती.

एका पावसाळ्यात गणपतीच्या बायकोला, फुलाला, शेतात पान लागलं. साप कुठला ते कोणी पाहिलं नाही. गणपती म्हणजे परशूचा शेजारी. वहाळाला त्या दिवशी पाणी कमी होतं, गाडी सहज पार झाली. अडली ती पलीकडच्या चढावर. लाकडाच्या लॉऱ्यांनी तिथे चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्या होत्या की पिकपची चाकं खाली गेली आणि पोट मधल्या उंचवट्यावर बसलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी बांबूला घोंगडी बांधून फुलाला खांद्यावर नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि उशीर झाला एवढंच सांगितलं.

गणपतीने परशूला एका शब्दाने दोष दिला नाही. परशूला तेच फार लागलं.

पाऊस सरल्यावर, भात मळून झालं आणि परशू गाडी घेऊन रामनगरला महाबळेश्वर मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेला. महाबळेश्वर वयाने लहान, पण त्या भागातल्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या.

"गाडी वर उचलून दे," परशू म्हणाला.

"कुठवर, मामा? उळवीच्या कळसापत्तोर?"

परशू हसला नाही. मग महाबळेश्वरही हसायचा थांबला. फुलाची गोष्ट त्याच्याही कानावर आली होती.

"हे बघा मामा, सांगाडा हाय तितंच ऱ्हातो," तो गाडीखाली वाकून हाताने दाखवत म्हणाला. "इंजिन, चाकं, सगळं सांगाड्यावर. वरचं अंग तेवढं उचलायचं, केबिन आन हौदा. मदी नायलॉनचे ठोकळे घालायचे, चार बोटं उंचीचे. मग खाली मोठं टायर बसतंय, मडगार्डाला घासत न्हाई. टायर मोठं झालं की पोट दोन बोटं वर. गाडी दिसाय उंच दिसंल. पन कामाची उंची ती दोन बोटंच."

"दोन बोटंच कमी पडली व्हती," परशू म्हणाला.

"आरटीओवाल्यानं धरलं तर माझं नाव घिऊ नका म्हंजे झालं."

काम दोघांनी मिळून केलं. आधी एका बाजूचे बोल्ट काढले, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले केले. केबिनच्या कडेखाली फळी घालून जॅक लावला आणि हळूहळू वर घेतला. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेलं लोखंड करकरत सुटलं. फटीतून वाळकी पानं, भाताचं तूस आणि लाल माती खाली पडली. महाबळेश्वर प्रत्येक ठोकळा हाताने सरकवून, लांब बोल्ट घालून बघत होता. ब्रेकचा पाइप ताणला तर नाही ना, गिअरचा दांडा नीट पडतो ना, हेही त्याने तपासलं. स्टिअरिंगच्या दांड्याला जोड दिला. मग दुसरी बाजू, मग हौदा. सगळ्यात शेवटी दांडेलीहून आणलेले मोठे टायर चढवले.

"वळनावर दमानं," निघताना त्याने बजावलं. "आता डोकं जड झालंय तिचं. हौद्यात उभी मानसं भरू नका."

परशूने ते सगळं ऐकलं आणि पुढे पाळलंही.

गाडी वाडीत आली तेव्हा बायका-माणसं बघायला जमली. रुक्मा डाव्या दाराशी गेली, पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. पूर्वी गुडघ्याखाली असलेली पायरी आता गुडघ्याच्या वर आली होती.

"अवो, गाडी उचलली का मला खाली ढकललं?" ती म्हणाली. "ह्या पायरीवर चढाय आता शिडी आना."

सगळे हसले. परशूने घरामागचा एक मत्तीच्या झाडाचा ओंडका आणून दारापाशी टाकला. त्यावर पाय देऊन ती चढली आणि राणीसारखी बसली. त्या उन्हाळ्यात गाडीने तो चढ कितीदा चढला, पोट एकदाही टेकलं नाही. गणपती एकदा हौद्यातून उतरताना नव्या टायरवर हात ठेवून नुसता उभा राहिला होता. परशू तिकडे बघू शकला नाही.

श्रावणात पाऊस लागून राहिला. घरात कपडे वाळेनात, भिंतींना बुरशी आली आणि रुक्माचा दमा उठला. औषधाचा पंप तोंडात मारूनही छातीतली शिटी थांबेना. दुपारी तिचे ओठ काळसर दिसायला लागले, तेव्हा परशूने गाडी काढली. गणपती न बोलावता आला आणि हौद्यात चढला.

ओंडका होता, तरी रुक्माला दोघांनी उचलूनच वर बसवलं.

वहाळाचा आवाज लांबूनच येत होता. परशूने चाकं पाण्यात घातली आणि गाडी थांबवली. कडेला एक पांढरट दगड नेहमी वर दिसायचा, तो दिसत नव्हता.

"पानी जास्त वाटतंय," गणपती मागून म्हणाला.

परशूलाही वाटलं होतं. पण त्याने दगडाकडे बघून कधी गाडी घातली नव्हती. तो रुक्माकडे वळला. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने दार उघडलं, दांडी धरली आणि वाकली. वाकल्यावर तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तशीच वाकून राहिली, मग पुन्हा नीट बघितलं.

"कोरडी हाय," ती म्हणाली. त्या दोन शब्दांसाठी तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

परशूने गाडी घातली.

फरशीच्या मधोमध इंजिनापुढचा पंखा पाणी मारायला लागला. इंजिनाने उचकी दिल्यासारखं केलं आणि बंद पडलं. परशूने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मागची बाजू हळूच सरकल्यासारखी झाली आणि चाक फरशीच्या कडेला अडलं. गाडी तशीच कलती उभी राहिली. गणपतीने हौद्यातला दोर कमरेला बांधून पलीकडचा काठ गाठला आणि दोर झाडाला आवळला. रुक्माला पाठीवर घेऊन, दोराला धरून परशू कमरेएवढ्या पाण्यातून निघाला. ती त्याच्या मानेभोवती हात घट्ट धरून होती. तिघंही काठाला लागले.

पण ती पार भिजली होती. कोरडं असं तिघांपैकी कोणापाशी काहीच नव्हतं. चढ लागला. आळीपाळीने दोघं तिला पाठीवर घेऊन चालले. अर्ध्यावर तिने परशूच्या खांद्यावर हाताने थोपटलं, थांबा म्हणून. त्याने तिला एका बुंध्याला टेकवून बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचलायला गेला तेव्हा तिची मान सैल पडली. गणपतीला लगेच कळलं. परशू मात्र तिला पाठीवर घेऊन आणखी बरंच चालला, आणि गणपतीने त्याला चालू दिलं.

रक्षा येऊन गेली. रुक्माची वेळच भरली होती, असं लोक म्हणाले. परशूनेही मान हलवली असेल.

पाणी उतरल्यावर महाबळेश्वर साखळी आणि दुसरी गाडी घेऊन आला. पिकप ओढून काठावर घेतली, तेव्हा परशू डाव्या दारापाशी उकिडवा बसला. त्याने केबिन आणि सांगाडा यांच्यामधल्या ठोकळ्याला आपली चार बोटं लावली. बरोबर चार भरली. टायरची दोन त्याने मनातच धरली. मग पायरीवर हात ठेवून तो तेवढाच खाली आणला आणि तिथेच धरून ठेवला.

"हितं व्हती," तो म्हणाला.

"काय, मामा?"

"पायरी. हितं पानी लागलं की आमी माघारी फिरायचो. तिला आपन वर नेली."

महाबळेश्वरला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि उगीच टायर बघत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "तुमी पायरी बघून गाडी घालता, हे मला ठाऊक न्हवतं, मामा."

"मी कुठं बघायचो," परशू म्हणाला. "ती बघायची."

ठोकळे काढून गाडी पूर्वीसारखी करून देतो, असं महाबळेश्वर म्हणाला. परशूने नको सांगितलं, चढावर मोठे टायर लागतातच. फक्त खालच्या सांगाड्याला, जुन्या पायरीच्या उंचीवर, त्याने एक लोखंडी पट्टी जोडून घेतली. तिच्यावर कोणी पाय देत नाही, चढायला ती उपयोगाचीही नाही.

गाडी अजून चालते. डाव्या सीटवर आता कोणी ना कोणी बसलेलं असतं, पण वहाळाशी परशू त्याला बघायला सांगत नाही. तो स्वतः उतरतो, पाण्यातून गाडीला वळसा घालून त्या अंगाला जातो आणि वाकून पट्टी बघतो.

"मामा, पायरी कोरडी हाय की," पट्टी भिजलेली असली तरी वरून कोणीतरी म्हणतंच.

तो वर चढतो आणि गाडी मागे घेतो.