एप्रिलातला हीटर

परवा मुलाच्या गाडीत चुकून हीटर लागला आणि तापलेल्या धुळीचा तोच जुना वास आला. दुष्काळात आमच्या दूध संघाला परदेशातून एक व्हॅन देणगी मिळाली होती. रेडिएटरला पुरतं पाणी मिळत नसे, म्हणून इंजिन उकळू नये यासाठी ड्रायव्हर भर एप्रिलात हीटर लावायचा. इंजिनाची उष्णता मग आमच्या अंगावर यायची. त्या दिवशी येडशीच्या रस्त्यावर चेअरमन स्वतः चालवायला बसले, सत्काराचा हार गळ्यात तसाच. वेग धरून ठेवणारा खटका त्यांनी ओढला, पाय वर घेतला आणि म्हणाले, "बघा, न हाकता पळती." पुढं वळणावर बाया रस्त्यात बसून दुष्काळी कामाची खडी फोडत होत्या. "साहेब, खटका आत ढकला," ड्रायव्हर म्हणाला. पण जन्मभर बैल हाकलेल्या त्या माणसानं ब्रेक दाबायचं सोडून, बैल थांबवायला कासरा ओढावा तसा खटका "हो, हो" म्हणत आणखी बाहेर ओढला. इंजिन गरजलं. बाया पाट्या टाकून पळाल्या. एका म्हातारीला मात्र उठताच येईना. मी हीटरच्या झळांत घामानं निथळत सीट धरून बसलो. ड्रायव्हरनं आडवं होऊन किल्ली फिरवली. व्हॅन खडीच्या ढिगात घुसून थांबली, म्हातारीपासून हातभर अंतरावर. तिनं हाराकडं बघितलं. "साहेब, खडी फोडायला तुमचीबी हजेरी लावायची का?" आता मुलगा त्याच्या गाडीत बटणानं वेग लावून देतो आणि निवांत पाय काढून घेतो. गाडी बंद करायचं बटण कुठं आहे, ते मी बसतानाच बघून ठेवलेलं असतं.