खात्रीचा काप

लॅबवाली ताई भुताशी बोलते, ही बातमी सफाईवाल्या मावशींनी फोडली. मावशींच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहाच्या वेळेपर्यंत भूत बाईचं आहे, हेसुद्धा ठरून गेलं.

"या कानांनी ऐकलं! काचेवर वाकून विनवत होती, 'आज नको गं. एवढा एक दिवस नको.'"

ताईचं काम स्तनातल्या गाठी रंगवायचं. गाठ मेणात बसवायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचा आणि रंग द्यायचा. गाठीत ठरावीक प्रोटीन असलं की काप तपकिरी होतो; मग गोळीला पकड सापडते, बाई बहुधा पुष्कळ वर्षं काढते. नसलं की काप निळाच राहतो, आणि डॉक्टर एकदम मऊ बोलायला लागतात. पण रंगच फसला असेल तर? म्हणून प्रत्येक काचेच्या कडेला एका जुन्या, हमखास तपकिरी होणाऱ्या गाठीचा काप लावायचा. तो रंगला तर तपासणी खरी. नाही रंगला तर सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशीची काच ताईच्या धाकट्या बहिणीची होती. धाकटी बाहेर बाकावर, लिपस्टिकबिपस्टिक लावून बसलेली.

"ताई, माझी गाठ आईवरच जाणार बघ. नाक तिचं, घोरणं तिचं, मग गाठ कशी परक्याची असेल?"

"गप गं."

"गोळ्या खाऊन आई म्हातारी होईस्तोवर आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटत होती. आता मी तुझ्या वाटीन."

ताई आत गेली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. धाकटीचा काप निळा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा. काच कडेकडे सरकवायची तेवढी राहिली होती, आणि ताईचा हात पुढे जाईना. मावशी फडकं घेऊन दारात आल्या त्या नेमक्या तेव्हाच.

मग ताईने काच सरकवली.

ती बाहेर आली तेव्हा धाकटीने तोंडाकडे पाहिलं. "रद्द झाली का गं? पुन्हा करायची?"

"नाही. कडेचा रंगला."

धाकटी लिपस्टिक पुसायला लागली.

भूतबीत काही नव्हतं. कडेचा काप त्यांच्या आईच्या गाठीचा होता. तो रंगू नये, म्हणून ताई आईला विनवत होती.