कॉलेज सोडण्याचे कारण

ज्या कॉलेजात खेळाडू टिकत नाहीत, तिथं किस्से मात्र कायमचे मुक्कामाला राहतात. नव्वदच्या दशकातला साताऱ्यातला आमचा कबड्डीचा संघ असाच होता. पोरगं जरा नावारूपाला आलं की सांगलीचं एक कॉलेज त्याला फी माफ, हॉस्टेल फुकट आणि वर रोज लिटरभर दूध देऊन पळवायचं. मला कुणी कपभर चहा देऊनही पळवलं नाही. तेव्हा पुढचं सगळं मी जळून सांगतोय, हे आधीच कबूल करतो!

*

सांगलीचे सर खेळाडू हेरायला यायचे आणि ग्राउंडच्या कडेला शेंगा खात बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "पाव्हण्यांकडं आलोय." एकदा आमच्या जाधव सरांनी त्यांना लांबूनच ओळखलं. आम्हाला गोळा करून हळूच म्हणाले, "आज कुणीबी नीट खेळायचं न्हाई!"

आम्ही जीव तोडून वाईट खेळलो. मॅच संपल्यावर जाधव सर एकेकाची पाठ थोपटत माझ्यापाशी आले.

"तुला निरोप पोचला न्हाई वाटतं? तू तर रोजच्यासारखाच खेळलास!"

*

जतच्या इरण्णाला बोलावणं आलं. त्याच्या गावात पाणी टँकरनं यायचं. तो म्हणाला, "फी-बी ऱ्हाऊ द्या. तिथं दिवसभर नळाला पाणी असतंय, नळाला!"

तिथं जाऊन पठ्ठ्या दिवसातून तीन आंघोळी करायला लागला. सर्दीनं अर्धा सीझन बाहेर बसला, तरी दूध चालूच! त्याला शिंकायची स्कॉलरशिप, आणि मी ठणठणीत असून कोरडा.

*

आमच्या ऑफिसातले क्लार्क मुजावर भाऊसाहेब एकही मॅच चुकवायचे नाहीत. खेळाडू दाखला मागायला आला की त्यांना घरातलं माणूस चालल्यासारखं वाटायचं. दाखल्यावर 'कॉलेज सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तिथं सगळीकडं 'पालकांची विनंती' लिहितात. भाऊसाहेब म्हणायचे, "मी खोटं लिव्हनार न्हाई."

इरण्णाच्या दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'पाणी'. त्याच्या आधी गेलेल्याच्या दाखल्यावर होतं, 'दूध'. प्रिन्सिपलांनी दोन्हींवर न वाचता सही ठोकली!

तो दूधवाला पुढं पोलीस भरतीला गेला. साहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि विचारलं, "अजून पितोस का?"

*

आता सुरेश. वडूजचा, माझा रूम पार्टनर. तो चढाईला जाणारा आणि मी डावा कोपरा, म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा धरणारा. टाळ्या त्याला, खरचटणं मला. बोलावणंही त्यालाच आलं. मी कडेगावचा, सांगली जिल्ह्यातला, आणि सांगलीनं उचलला वडूजचा! माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना.

"आनखी काय पायजे, असं त्या सरांनी इचारलं," सुरेश म्हणाला. "मी एकच गोष्ट मागितलीय. ती दिली तरच येतो म्हनलं."

"काय रं?"

"देत्यात का बघू आधी."

कुणी म्हणालं बूट, कुणी म्हणालं घड्याळ. मी सायकलच असणार असं धरून चाललो आणि त्या सायकलीवर आठवडाभर जळलो.

मग सुरेशला कार्ड आलं, 'अट मान्य.' भाऊसाहेब आलेलं प्रत्येक कार्ड वाचूनच द्यायचे. हे देताना ते माझ्याकडं बघून हसले. मला त्याचाही राग आला.

आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं! फी माफ, हॉस्टेल, दूध, सगळं! ते कार्ड मी हॉस्टेलभर मिरवलं. सुरेशला म्हणालो, "शेवटी सांगलीला खेळाडू वळखू आला गड्या!"

"व्हय की."

"आन् तुझी सायकल कवा मिळनार?"

"कसली सायकल?" तो म्हणाला आणि ट्रंक भरायला लागला.

मी ऐटीत ऑफिसात गेलो. "आवं भाऊसाहेब, माझ्या दाखल्यावर दूध-बीध लिहू नका हं. मला खेळावर बोलावलंय."

"मी खरं तेवढंच लिव्हतो." त्यांनी एक शब्द लिहिला, सही आणून शिक्का मारला आणि घडी घालून दाखला माझ्या हातात दिला.

एसटीत सुरेश माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. कराड मागं पडल्यावर मी घडी उघडली.

कॉलेज सोडण्याचे कारण : सुरेश.